वीस अक्रोड

‘‘रेगुला, आज तू दारावर बस,’’ वेल्टीबाबा म्हणाले आणि अक्रोडांची टोपली तिच्या हातात देऊन आत निघालेसुद्धा. दारावर कुणीतरी बसायचंच असतं. पाळी येते तशी येते, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. रेगुला उन्हाळ्यात दोनदा बसली होती. पण आजचा रविवार साधा नव्हता. आज प्रभूच्या आठवणीची भाकरी मोडायची होती आणि भाकरीनंतर, त्यानं शिष्यांचे धुतले तसे, एकमेकांचे पाय धुवायचे होते, आणि हे वर्षातून दोनदाच. सकाळी उठून तिनं पाय राखेनं घासले होते, टाचेच्या भेगांत मेंढीची चरबी भरली होती, धुतलेले मोजे चढवले होते. पाय धुवायला जायच्या आधी सगळेच पाय धुऊन जातात. मळके पाय दुसऱ्याच्या हातात द्यायला कोण धजणार? आता ते लख्ख पाय घेऊन ती उंबऱ्याबाहेर बसणार होती. तिनं म्हाताऱ्याच्या पाठीला विचारलं, ‘‘मग कुन्गोल्डपाशी कोण बसणार?’’ वेल्टीबाबा वळले. ‘‘अपोलोनिया. कुन्गोल्डनंच मागून घेतलं.’’ आणि आत गेले.

कुन्गोल्डनंच मागून घेतलं. दर वेळी पाय धुवायला तिच्याच शेजारी बसणारी मैत्रीण. रेगुला बाकावर बसली, टोपली मांडीवर ठेवली आणि अक्रोडांकडे बघत राहिली. अंगणातल्याच झाडाचे होते, याच आठवड्यात झोडपलेले. हिरव्या सालीचा काळा डाग अजून तिच्या बोटांवर होता. वीस अक्रोड. एक कमी नाही, एक जास्त नाही. आठ वर्षांपूर्वी हायडेलबर्गच्या दरबारानं कागद दिला त्यातून आलेली ही रीत. लढाईत ओसाड पडलेली जमीन कसा, मुकाट्यानं राहा, आपल्या पद्धतीनं देवाचं नाव घ्या, पण एका छपराखाली वीसजणांपेक्षा जास्त जमायचं नाही, असा तो कागद. वीसच का, हे कुणी विचारलं नाही. ज्यांना झुरिचहून धर्मापायी रातोरात निघावं लागलं होतं त्यांना वीस हा आकडा मेजवानीसारखा वाटला होता. पुढे वरच्या अंगाच्या वाडीत कारकुनानं बावीस डोकी मोजली आणि त्या वाडीचा कागद गेला. पेरलेलं शेत सोडून माणसं निघाली. तेव्हा वेल्टीबाबांनी अक्रोड काढले. आत जाणाऱ्यानं टोपलीतून एक उचलायचा, आत खिडकीच्या फळीवर ठेवायचा. टोपली रिकामी झाली की दार बंद. प्रार्थना संपल्यावर ते अक्रोड पोरांना.

गेल्या हिवाळ्यापर्यंत अक्रोड आणि माणसं सारखी होती. मग बर्नच्या सरकारनं तिथल्या याच पंथाच्या लोकांना हाकललं, र्‍हाइनकाठानं गाड्यांच्या गाड्या भरून माणसं आली आणि त्यांतली तिघं या वाडीच्या वाट्याला आली. विसाचे तेवीस झाले. तेव्हापासून तिघांनी आळीपाळीनं बाहेर राहायचं: एक दारावर, एक गुरांपाशी, एक पोरांपाशी. नव्यानं आलेल्या तिघांतली एक अपोलोनिया. नवरा वाटेत बासेलजवळ तापानं गेला. स्वतः दोन वर्षं कैदेत होती. आली तेव्हा तिच्याजवळ एक चमचा होता आणि अंगावरचे कपडे. वाडीतली सगळी माणसं तिला बघायला जमली, आणि रेगुलानंही रडत रडत तिला स्वतःचा लोकरी घागरा दिला होता, तोही चांगल्यातला. त्या दिवशी ती मनापासून रडली होती हे खरं. कुन्गोल्डनं तिला आपल्या घरी ठेवून घेतलं हेही तेव्हा बरंच वाटलं होतं. मग कुठल्या दिवशी काय झालं? एकदा पाणी भरायला गेली तर कुन्गोल्ड आधीच भरून गेलेली, अपोलोनियाबरोबर. एकदा सफरचंदांच्या फोडी वाळत घालायला दोघींनी बसायचं ठरलेलं, तर तिथं तिघी. मग एकदा दोघीच, आणि त्यांत रेगुला नव्हती. असा सगळा बारीकसारीक हिशोब मनात ठेवायची तिला स्वतःचीच लाज वाटे, पण ती ठेवत होतीच. चाळीशी ओलांडलेली बाई, चार पोरं जगवलेली, दोन पुरलेली, आणि कुणाची घागर कुणाबरोबर भरली गेली ते पाठ.

बुधवारी योस्ट आला होता. भाकरी मोडायच्या आधीच्या आठवड्यात तो घरोघर जातो आणि प्रत्येकाला एकच विचारतो. योस्ट म्हणजे कुन्गोल्डचा नवरा. मंडळींनी त्याला या कामाला निवडलं त्याला सहा वर्षं झाली. दारात टोपी काढून उभा राहिला आणि नेहमीच्या पडेल आवाजात म्हणाला, ‘‘रेगुला, देवाशी आणि माणसांशी तुझी शांती आहे? कुणाविरुद्ध मनात काही आहे?’’ ज्याची शांती नाही त्यानं तसं सांगायचं आणि मिटेपर्यंत भाकरीपासून लांब राहायचं. यात लाज नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्याच नवऱ्यानं, हाइनीनं, एका कुंपणापायी सहा महिने भाकरी घेतली नव्हती. पण कुंपण सांगता येतं. तुझी बायको माझ्याबरोबर पाणी भरत नाही, हे योस्टला कसं सांगणार? ‘‘आहे शांती,’’ ती म्हणाली. योस्टनं मान हलवली, टोपी घातली. आमचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, त्यापुढं शपथ लागत नाही, एवढं म्हणण्यापायी या मंडळींच्या बापजाद्यांना नदीत बुडवलं होतं. आणि रेगुलानं पीठ मळता मळता, हातसुद्धा न पुसता, खोटं हो सांगून टाकलं.

तिनं टोपलीत हात घातला. हात आपोआप गेला असं म्हणण्यात अर्थ नाही. हात आपोआप जात नसतात. तिला पक्कं ठाऊक होतं की अपोलोनिया नेहमी सगळ्यांच्या शेवटी येते, नव्या माणसानं आधी घुसू नये म्हणून कुंपणापाशी थांबून राहते. झग्याला खिसा नव्हता. तिनं एक अक्रोड उचलला, डाव्या पायाचा लाकडी जोडा सैल केला आणि आत, बोटांच्या पुढं सरकवून दिला.

वेल्टीबाबा परत येऊन आपला अक्रोड घेऊन गेले, मग माणसं येऊ लागली. ओळखीचे हात टोपलीत येत, अक्रोड उचलत. कुन्गोल्ड आली तेव्हा टोपलीत आठ उरले होते. तिचा चेहरा धुतल्यामुळं लाल झाला होता. ‘‘अगं, रागावू नकोस हं,’’ ती खाली वाकून म्हणाली. ‘‘संध्याकाळी येते, सगळं सांगते.’’

‘‘राग कसला? पाळी आहे,’’ रेगुला म्हणाली. ‘‘जा, दारातून आत थंडी शिरतेय.’’

कुन्गोल्ड गेली. दगडावर तिच्या पावलांचा आवाज रेगुलानं ऐकला. एक पाऊल किंचित आखूड पडतं, दुसऱ्या कुणाला कळणारही नाही. डाव्या पायाची करंगळी नाही म्हणून. या वाडीतल्या पहिल्या हिवाळ्यात, कागद मिळायच्याही आधी, घराला छप्पर नव्हतं, जळक्या भिंतींवर फांद्या टाकून सगळे झोपत, आणि सकाळी कुन्गोल्डचं बोट काळं पडलेलं निघालं. वेल्टीबाबांनी ते द्राक्षं छाटायच्या कोयत्यानं काढलं. पाय रेगुलाच्या मांडीवर होता, तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि कुन्गोल्ड ओरडली नाही, तिनं रेगुलाच्या दंडाला चावा घेतला. त्या दोघी तेव्हा वीस-बावीसच्याही नसतील असं रेगुलाला वाटे, होत्या मात्र तिशीच्या. पुढच्या वसंतात पहिल्यांदा पाय धुतले तेव्हा त्या शेजारी बसल्या होत्या, आणि मग बसतच राहिल्या, अकरा वर्षं. बोटाच्या रिकाम्या जागी जी नवी कातडी आली तिथं कुन्गोल्डला भयंकर गुदगुल्या होत. रेगुलाचा ओला अंगठा तिथं लागला की तिच्या पोटात हसू उसळे. सगळी मंडळी मान खाली घालून गंभीर, वेल्टीबाबांचा आवाज चाललेला, आणि कुन्गोल्ड ओठ दाबून नाकातून बारीक फुसकन हसे. बाकीच्यांना वाटे तिला रडू फुटलं. एकदा तर एक म्हातारी तिला भक्ती कशी असावी याचा दाखला म्हणून दाखवत होती. रेगुला दर वेळी ठरवून तिथं अंगठा नेई. हे जगात फक्त दोघींना माहीत होतं, आणि आज ती बर्नची बाई धुताना चुकून तिथं हात लावील, आणि कुन्गोल्ड हसेल.

शेवटचा अक्रोड उचलला गेला. कुंपणापासून अपोलोनिया आली. अंगावर रेगुलाचा घागरा होता, कमरेत दोन घड्या घालून शिवलेला. टोपलीत बघून थबकली.

‘‘संपले,’’ रेगुला म्हणाली. आणि ते शब्दशः खरं होतं.

‘‘संपले?’’ अपोलोनिया हलकेच म्हणाली. मग दाराकडे बघून, ‘‘असू दे. मोजताना काहीतरी झालं असेल.’’ तिनं भांडण केलं नाही, बाबांना बोलव म्हणाली नाही. रेगुलानं दार ओढून घेतलं, आणि ही आता घरी जाईल म्हणून वाट बघू लागली. तर ती बाकावर शेजारीच बसली. आत गाणं सुरू झालं, त्यांचं ते संथ गाणं, एकेक ओळ सरायला एवढा वेळ लागतो की दरम्यान गाय पिळून व्हावी.

‘‘खरं सांगू का ताई,’’ अपोलोनिया थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘मला बरंच वाटलं. माझं मन नव्हतं.’’

‘‘का?’’

‘‘पाय दाखवायला नको वाटतं. कैदेत बेडी होती ना. दोन वर्षं. घोट्याचं मांस असं… बघवत नाही. मी मोजे काढतच नाही कुणासमोर. कुन्गोल्डताई म्हणाली, माझं बोट नाही, तुझा घोटा धड नाही, तू माझे बघ, मी तुझे बघते, म्हणजे फिटंफाट. बाकी कुणापुढं तुला जमायचं नाही म्हणाली.’’ ती हसली. ‘‘आणि तुमच्याबद्दल म्हणाली की रेगुला समजून घेईल, तिला सांगायलासुद्धा लागत नाही.’’

रेगुलाला वाईट वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्याच्याखाली, तळाशी, दुसरंच काही खदखदत होतं. बेडीचा व्रण! तो तिनं कुठून आणावा? ती आयुष्यात एक दिवस कैदेत नव्हती. झुरिचहून निघाली तेव्हा अंगात साधा तापही नव्हता. कागदाच्या आसऱ्यानं तिनं आठ वर्षं बीट लावले, चीज केलं, मुलं वाढवली. सरकारनं तिला सोसून घेतलं होतं आणि तिला स्वतःला काही सोसावं लागलंच नव्हतं. आणि आता ही बाई दुःखाची शिदोरी घेऊन आली तर तिच्यापुढं अकरा वर्षांच्या घागरी आणि सफरचंदाच्या फोडी किती उरणार? दुसऱ्याच्या जखमेचा हेवा करणारं माणूस आपण, असं तिच्या मनात आलं, आणि तरीही हेवा तसूभर कमी झाला नाही. जोड्यातला अक्रोड बोटांना रुतत होता. शेजारी ही बसलेली असताना तो काढताही येईना.

‘‘तुम्हाला एक सांगते, हसू नका,’’ अपोलोनिया म्हणाली. ‘‘त्या घरात मला तुमचा फार राग येतो. उठताबसता रेगुला. रेगुला मीठ असं टाकते, रेगुला गाईला अशी हाक मारते. मला वाटतं, एकदा तरी ही बया चुकली असं कानावर येऊ दे.’’

तेवढ्यात फाटकाशी घोडा आला. अंमलदाराचा कारकून, तोच, वरच्या वाडीत डोकी मोजणारा. त्यानं लगाम फाटकाला बांधला आणि चिखल टाळत बाकापर्यंत आला. ‘‘किती आहेत आत?’’

‘‘एकोणीस,’’ रेगुला म्हणाली.

‘‘एकोणीस?’’ त्याला गंमत वाटली. ‘‘सगळीकडं वीस सांगतात. तुम्ही लोक शपथ घेत नाही पण खोटंही बोलत नाही म्हणे. बघू या. एक जरी वर निघाला ना बाई, तर या बर्नच्या भिकाऱ्यांसकट सगळे नदीपार.’’ तो आत गेला. गाणं बंद पडलं. अपोलोनियानं रेगुलाचा हात धरला. तो हात थंडगार होता, आणि रेगुलानं सोडवून घेतला नाही. आतून त्याचा मोजण्याचा आवाज येत होता, एकेक आकडा मोठ्यानं. सतरा. अठरा. एकोणीस. मग थोडं थांबून, ‘‘वीस.’’

तो बाहेर आला तो हिरमुसलेला. ‘‘वीस आहेत. एकोणीस म्हणालीस ना? एवढं एका डोक्याचं खोटं तुमच्या धर्मात चालत असेल.’’ आणि घोड्यावर बसून गेला.

वीस कसे? रेगुला उठून दाराशी गेली तर वेल्टीबाबाच बाहेर आले, मागं योस्ट, आणि दोघांच्या मधोमध फ्रोनेगआजी. आजी आंधळी, वर्षभर अंथरुणाला खिळलेली, प्रार्थनेच्या खोलीला लागून तिची खोली. ती निजूनच ऐकते म्हणून तिला कधी कुणी मोजतच नसे. आज गाणं ऐकून तिला कुठून बळ आलं देव जाणे, भिंत धरत धरत ती आत आली होती आणि रिकामं स्टूल हाताला लागलं तिथं बसली होती. कुन्गोल्डच्या शेजारी.

‘‘अपोलोनिया आत असती तर एकवीस झाले असते,’’ योस्ट म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. ‘‘पण तू बाहेर कशी?’’

‘‘अक्रोड संपले,’’ अपोलोनियाच म्हणाली.

वेल्टीबाबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. ‘‘मी मोजले होते. दोनदा मोजले होते. म्हणजे एकोणीसच टाकले मी.’’ ते हसले, पण डोळे ओले झाले. ‘‘सत्तरी झाली. आता वीसपर्यंत मोजता येत नाही मला. आणि देवानं त्याच चुकीतून वाडी वाचवली. योस्ट, पुढच्या वेळेपासून तू मोज.’’ आत दारापर्यंत माणसं आली होती. कुणी हुंदके देत होतं, कुणी हसत होतं. त्यांतून कुन्गोल्ड पुढं आली आणि तिनं रेगुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अगदी पूर्वीसारखा. ‘‘तू दारावर होतीस म्हणून,’’ ती म्हणाली. ‘‘तू होतीस म्हणून गं.’’ तिच्या हातांना साबणाचा वास होता. सहा महिने रेगुलाला जे हवं होतं ते हेच, आणि ते असं फुकटात, न मागता मिळत होतं.

आजीला परत अंथरुणावर नेलं. आत एक जागा मोकळी झाली. वेल्टीबाबांनी अपोलोनियाला हाक मारली, पण ती बाकावरून उठेना. ‘‘रेगुलाताईंना जाऊ द्या बाबा. आजची जागा त्यांचीच. मी दार सांभाळते.’’

रेगुला आत गेली. भाकरी मोडली गेली, तिनं घेतली नाही. तुकडा हातात धरून बसली आणि मग पुढच्याला दिला, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग परातीत कोमट पाणी आलं. कुन्गोल्ड समोर गुडघे टेकून बसली, बाह्या वर सारल्या. मान वर करून किंचित हसली, कारण नंतर पाळी तिच्या पायाची होती आणि काय होणार ते दोघींनाच ठाऊक होतं. आणि तिनं रेगुलाच्या डाव्या जोड्याला हात घातला.

‘‘थांब,’’ रेगुला म्हणाली. ती मोठ्यानं बोलली असावी, कारण सगळ्या माना वर झाल्या. ‘‘बुधवारी योस्ट आला तेव्हा मी शांती आहे म्हणाले. खोटं बोलले. नव्हती शांती, आत्ताही नाही.’’ तिनं जोडा स्वतःच काढला, अक्रोड बाहेर घेतला आणि परातीच्या काठाशी जमिनीवर ठेवला. ‘‘मी काढून ठेवला. ती कुन्गोल्डशेजारी बसू नये म्हणून. बाबा, तुमची मोजणी चुकली नव्हती. तुम्ही वीसच टाकले होते.’’

वेल्टीबाबा त्या अक्रोडाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी जे काही आलं ते सुटकेसारखं होतं. मग त्यांना स्वतःलाच ते आवडलं नसावं, त्यांनी डोळे मिटले. कुन्गोल्डकडे बघायचं रेगुलाला धैर्य झालं नाही. फक्त तिचे ओले हात दिसत होते. ते हवेत तसेच राहिले आणि मग सावकाश मांडीवर आले. रेगुलानं अक्रोड उचलला, जोडा काखेत मारला आणि बाहेर आली.

‘‘घे,’’ ती अपोलोनियाला म्हणाली. ‘‘तुझा आहे. सकाळपासून तुझाच होता.’’

अपोलोनियानं अक्रोड हातात घेतला. तो गरम होता, थोडा ओलसरही. तिनं रेगुलाच्या मोज्याकडे पाहिलं, बोटांपाशी लोकर दबली होती तिथं, आणि बराच वेळ पाहिलं. रेगुला शिव्यांची वाट बघत उभी राहिली. अशा वेळी दोन शिव्या मिळाल्या तर माणसाला किती बरं वाटतं!

‘‘चालताना लागला असेल,’’ अपोलोनिया म्हणाली. आणि आत गेली.

रेगुला बाकावर बसली. जोडा घालायचंही तिला सुचलं नाही. अंगणात अक्रोडाची पानं पडली होती, फाटकापाशी घोड्याची ताजी लीद होती, पोरांचा गलका गोठ्यामागून येत होता. आत पाण्याचा आवाज सुरू झाला. रेगुलानं कान बंद करायचं ठरवलं आणि कान टवकारले. पाणी ओंजळीतून परातीत पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. तो घोटा असेल, तिनं मनाशी म्हटलं. कुन्गोल्ड आता तो घोटा बघत असेल. मग बराच वेळ काहीच नाही. मग परात सरकल्याचा आवाज. आता बाजू बदलल्या. आता पाय कुन्गोल्डचा. रेगुलानं श्वास धरला. आज ती हसायची नाही, आज तिला रडूच येईल, या सगळ्यानंतर ती कशी हसेल, असं तिला वाटलं, आणि या विचारानं तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच किळस आली. आणि मग आलं. नाकातून, ओठ दाबून, बारीक फुसकन. आत कुणीतरी म्हणालं असेल, बिचारीला रडू फुटलं. ते हसू ओळखणारी जगात रेगुला एकटी होती. आता दोघी झाल्या. छातीत कळ आली ती खरीखुरी, हातानं दाबावी लागली.

प्रार्थना सुटली. योस्ट टोपली घेऊन बाहेर आला, पोरं धावत आली, त्यानं अक्रोड त्यांच्यापुढं ओतले आणि ते पायरीच्या दगडावर फुटू लागले. त्यांतला तो कुठला, आता ओळखू येत नव्हता. योस्ट बाकापाशी उभा राहिला. त्यानं टोपी काढली. मग त्यानं आपले नेहमीचेच शब्द काढले.

‘‘रेगुला, शांती आहे?’’

तिनं दाराकडे पाहिलं. कुन्गोल्ड उंबऱ्यात उभी होती, अनवाणी, तिच्याकडेच बघत. मागं अपोलोनिया मोजे चढवत होती.

‘‘नाही, योस्ट,’’ रेगुला म्हणाली. ‘‘अजून नाही. बुधवारी पुन्हा ये.’’